पाच बाकं

दादरला एक छोटी बाग होती. तिथं एक म्हातारा माळी होता आणि त्याच्या हाताखाली एक नवा पोरगा.

एकदा बागेसाठी पाच नवी बाकं आली. बागेच्या पार टोकाला गुलाबांचा ताटवा होता. पोरानं पाचही बाकं तिथंच ओळीनं मांडली.

"इथं बसलं की फुलं अगदी डोळ्यांसमोर," तो म्हणाला.

माळी काही बोलला नाही.

रोज सकाळी एक आजी यायच्या. फाटकातून आत आल्या की जरा थांबायच्या. मग काठी टेकत बकुळीपर्यंत जायच्या, खोडाला हात लावून दम खायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. बाकं रिकामीच.

"काका, आजींना फुलं आवडत नसावीत," पोरगा म्हणाला.

त्या संध्याकाळी माळी त्याला शिवाजी पार्कावर घेऊन गेला. 1925 साली लोकांसाठी खुलं झालेलं ते मैदान, आणि त्याच्या भोवतीनं बसायचा कट्टा.

"इथले म्हातारे बघ," माळी म्हणाला.

एक आजोबा थोडे चालले आणि कट्ट्यावर टेकले. शेजारच्याशी दोन शब्द बोलले. मग त्याच्याच खांद्यावर हात ठेवून उठले आणि पुन्हा चालू लागले. पुढं गेले, पुन्हा टेकले. अंधार पडेपर्यंत पोरगा बघत राहिला.

सकाळी त्यानं चुन्याची फक्की घेतली. आजी जिथं जिथं थांबल्या तिथं खूण केली. पहिली फाटकाच्या आत, दुसरी बकुळीखाली. मधली पावलं मोजली. वीस भरली. मग वीस-वीस पावलांवर खुणा करत तो गुलाबांपर्यंत गेला. दोघांनी मिळून एकेक बाक उचललं आणि एकेका खुणेवर ठेवलं.

आजी बकुळीखाली पहिल्यांदाच बसल्या. आठ दिवस तिथवरच आल्या. मग तिसऱ्या बाकापर्यंत गेल्या. तिथं दुसऱ्या एक आजी भेटल्या. पुढं दोघी बरोबरच यायला लागल्या. श्रावण सरता सरता त्या शेवटच्या बाकावर पोचल्या.

"फुलं तर तीच होती, काका."

"फुलं होती रे, वाट नव्हती. थकल्या पायांची वाट बसायच्या जागांनीच होते."

तेवढ्यात आजींनी काठी बाजूला ठेवली, जरा सरकल्या आणि पोराला हाक मारली.

"ये बाळा, टेक जरा. सकाळपासून उभाच आहेस."