पांघरूण

वेड पांघरून पेडगावला जाणारी माणसं श्रीगोंद्याकडच्या पेडगावला जात, असं जाणकार सांगतात. आमचं पेडगाव परभणीजवळचं. पण तिथेही मी इतकी वर्षं वेड पांघरूनच जात आलो. वडिलोपार्जित चार एकर काळं रान बटईने दिलेलं. वर्षातून एकदा जायचं, बांधावर उभं राहून 'यंदा पीक झकास!' म्हणायचं (ते कसलं, हे आधी हळूच विचारून घ्यायचं) आणि निम्मा वाटा खिशात घालून पुण्याची गाडी पकडायची.

यंदा मात्र मी एक योजना घेऊन गेलो. ड्रोनची! २०२३ साली केंद्र सरकारने महिला बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायची योजना जाहीर केली, ती फवारणीसाठी. पण औषधाच्या टाकीऐवजी बियाण्याची पेटी लावली, की हाच गडी तागही फेकतो. सोयाबीन पिवळं पडू लागलं की उभ्या पिकात वरून बी टाकायचं. गळणारा पाला ते झाकतो. वाफसा नसला तर काळ्या रानात बैल रुततो, ट्रॅक्टर रुततो. ड्रोनला चिखलच लागत नाही. ताग मातीला पांघरूण घालतो, मुळांच्या गाठींत नत्र धरतो, आणि फुलावर आला की गाडून टाकायचा. अमेरिकेत असं बी विमानातून टाकतात. मग 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी मागे का राहावं?

आमच्या बटईदार मामांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"बी पाखरांनी खाल्लं तर?"

"थोडं जास्त टाकू."

"अन् हरभरा?"

"राहिला एक साल! मातीचं देणं आहे, मामा."

"देणं तर हायेच, मालक. पण खाल्लं दोघांनी, अन् फेडायचं म्या एकट्यानं? पुढल्या साली रान दुसऱ्याला दिलंत, तर माझं पांघरूण त्याच्या कामाला!"

मी गप्प. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याच्या धास्तीने आमच्या घराण्यात बटईचा कागद कधी झालाच नाही. दरवर्षी तोंडी बोली. एका वर्षाच्या पाहुण्याने मातीची दहा वर्षांची काळजी करावी, ही माझी अपेक्षा. यंत्र आलं तर माणसाचं मातीशी नातं तुटेल, असा गळाही मी पुण्यात अधूनमधून काढतो. पण चाड्यावर मूठ मी कधी धरली होती? बी कुणाच्या हातून पडलं याचं मातीला सोयरसुतक नाही. त्यापायी पोटाला चिमटा कुणी घ्यायचा, एवढाच काय तो प्रश्न. आणि मी तो खुशाल मामांच्या पोटाला घेत होतो.

शेवटी छातीवर दगड ठेवून तीन वर्षांचा कागद केला. हरभऱ्याचं नुकसान निम्मं माझं, हेही त्यात लिहिलं. मामांनी कागद घडी घालून टोपीत ठेवला आणि विचारलं, "ते ड्रोन उडतंय किती येळ?"

"दहा-पंधरा मिनिटं. मग बॅटरी संपते, की परत."

मामा मनापासून हसले. "म्हंजे तुमच्यावानीच की!"