पुढचा अटेम्प्ट ठरवण्याआधी

मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी खरिपाचं उन्हाळ्यातच ठरवून ठेवतो. एवढ्या एकरांत सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, उरलेल्यात मूग-उडीद. पण आभाळ पाहिल्याशिवाय तो चाड्यावर मूठ धरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असं कृषी विद्यापीठंही सांगतात. मृग कोरडा गेला, आर्द्राही गेलं, अर्धा जुलै उलटला, की मूग-उडदाचा नाद सोडून तो तूर, बाजरी, सूर्यफुलाकडे वळतो. दर तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतं आणि त्याचा बेत पुन्हा तपासला जातो. घरात धान्य, जनावरांना वैरण, हा हेतू मात्र तोच राहतो. याला कुणी धरसोड म्हणत नाही.

त्याचाच मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत टेबलासमोर वेळापत्रक चिकटवलेलं असतं: सकाळी चालू घडामोडी, दुपारी राज्यघटना, रात्री सीसॅट. तासातासाचा हिशेब असतो. थांबून कधी पाहायचं, तेवढं लिहिलेलं नसतं. खुल्या गटाला केंद्रीय सेवेसाठी वयाच्या ३२ पर्यंत ६ संधी, राज्यसेवेसाठी ३८ पर्यंतची सवड. नियमांनी दिलेली ही सवड पुष्कळ जण स्वतःची मुदत समजून बसतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांवर उभी राहिलेली तयारी मुळापासून तपासणं भाग होतं.

फेरविचार होतो तो निकालाच्या दिवशी, आणि ती वेळ सगळ्यांत वाईट. दोन गुणांनी हुकलेला ‘अजून एकच अटेम्प्ट’ म्हणतो. खचलेला, चांगली चाललेली तयारी सोडून देतो. रोज बी उकरून पाहणंही बरं नाही. म्हणून तपासणीचा दिवस आणि कसोट्या मन शांत असतानाच ठरलेल्या हव्यात. प्रिलिम निघते का, मेन्सचे गुण वाढतायत का, घरची ओढाताण किती, पदवीवर दुसरं काय करता येईल? आणि अधिकारीपदच हवं आहे, की लोकांच्या उपयोगी पडणारं स्थिर काम? दुसरं हवं असेल, तर वाटा पुष्कळ आहेत.

पोराचं मन मोडेल म्हणून घरचे हे विचारत नाहीत. फोनवर जेवणाखाणाचंच बोलणं होतं. मला वाटतं, वडिलांनी विचारावं. निकाल जवळ नसताना, दिवाळीला तो घरी आला की, रब्बीचं बोलता बोलता. लगेच उत्तर आलं नाही तरी चालेल. पुढच्या जूनपर्यंत काय पाहायचं, एवढं दोघांनी मिळून ठरवलं तरी पुरे.