देहाचे ‘स्व’ आणि क्षेत्रज्ञ

प्रतिकारशक्तीचे कार्य म्हणजे ‘स्व’ आणि ‘पर’ यांचा विवेक होय, असे १९६० सालचे नोबेल पारितोषिक मेडावर यांच्यासमवेत मिळविणारे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिपादिले. आणि वेदान्ताची गोडी असलेल्या वाचकास, देहाच्या कणाकणांत आत्मज्ञान वसते याचा दाखलाच प्रयोगशाळेने दिला, असे वाटल्यास नवल नाही. परंतु क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा मंदगती रक्तविकार जरा निरखून पाहिला, की हा उत्साह ओसरतो.

या विकारात बी-लसिकापेशी बव्हंशी साचत जातात त्या मरावयाच्या राहून गेल्यामुळे. बीसीएल-२ नावाचे प्रथिन त्यांचा नेमून दिलेला मृत्यू अडवून धरते. रक्ताच्या एका घनमिलीमीटरात अशा ५,००० किंवा अधिक पेशी तीन महिने टिकल्या, तर निदान पक्के होते. त्या इतक्या नाजूक, की काचेवर रक्ताचा थेंब ओढतानाच कित्येक चिरडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पुसट डाग तेवढे उरतात. हजेरीपटावर शिबंदी भरगच्च असावी आणि मोहिमेची वेळ येताच कोणी कामास येऊ नये, तशी गत होते: प्रतिपिंडे घटतात, आणि ज्या टी-पेशी स्वतः निर्दोष असतात त्याही या सहवासात निस्तेज होऊन शत्रुपेशीशी नीट भिडेनाशा होतात. रुग्णाचा घात पुष्कळदा रक्तातील पेशींची गर्दी करीत नाही, साधा जंतुसंसर्ग करतो. त्याहून विलक्षण हे, की रोगट पेशींस आपले म्हणून अभय देणारी हीच यंत्रणा काही रुग्णांत स्वतःच्या निरपराध तांबड्या पेशींना परके ठरवून त्यांचा संहार आरंभिते.

असा चुकणारा, थकणारा विवेक आत्म्याच्या पदरी कसा बांधावा? गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे देहाची, जी मोजदाद आहे, तीत पंचमहाभूतांबरोबर अहंकार आणि बुद्धीही गणली आहेत. क्षेत्रज्ञ, म्हणजे त्या क्षेत्राला जाणणारा, तेवढा निराळा राखला आहे. बर्नेट यांच्या ‘स्व’ची जागा माझ्या मते त्या अहंकाराच्या शेजारी, क्षेत्राच्या हद्दीत आहे. उपचाराविना केवळ देखरेखीखाली वर्षानुवर्षे वावरणारा रुग्ण, दर खेपेस हाती पडणारा पेशींचा आकडा वाचतो, तेव्हा वाचणारा त्या आकड्यात मोजलेला नसतो, एवढे वेदान्ती खुशाल म्हणो. पण क्षेत्रज्ञाच्या अलिप्तपणाने क्षेत्राची राखण होत नाही. न्यूमोनियाची लस, प्रतिसाद उणा मिळाला तरी, रुग्णाने घ्यावयाची असते, आणि जिवंत जंतूंची लस मात्र कटाक्षाने टाळावयाची असते.