त्यागाआधी घर हवे

आपल्या धर्मपरंपरांनी घर सोडणाऱ्याला मोठा मान दिला. संन्यासी असो, भिक्षू असो की अटन करणारा महानुभाव साधक, उंबरठा ओलांडला की साधना सुरू. मग घराबाहेर काढलेल्या बाईसाठी चार भिंती उभ्या करणे हे धर्मकार्य कसे? माझ्या मते, जे आपले असते त्याचाच त्याग करता येतो. नवऱ्याने मारून हाकललेल्या बाईने काही त्यागलेले नसते. तिच्यापासून ते हिरावलेले असते. बौद्ध विनयात भिक्षुणींना अरण्यवासाची मनाई आहे, कारण तिथे त्यांच्यावर अत्याचार झाले. स्वेच्छेने घर सोडलेल्या स्त्रीलाही सुरक्षित निवारा लागतो, हे संघानेही मान्य केले होते.

मात्र पुण्य जोडण्यासाठी दिलेला आसरा घेणारीला कायमची मिंधी करतो. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे, हवे तर मूल तिथेच ठेवून जावे, अशी सोय केली. पापाचा जाब मागितला नाही. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी बालविधवा गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. निवाऱ्याला शिक्षणाची जोड मिळाली की बाई तिथून पुढे जाते. म्हणून आजच्या आधारगृहातही खाटेइतकेच महत्त्व कुलूप लावता येईल अशा कपाटाला, आधार कार्डावर घालता येईल अशा पत्त्याला आणि स्वतःच्या नावावरच्या बँक खात्याला आहे. फाटकावरच्या वहीत बाहेर जाण्याचे कारण लिहून परवानगीची वाट पाहावी लागत असेल, तर एका घरातला पहारा दुसऱ्या घरात आला, एवढेच.

अशा सोयींमुळे संसार मोडतात, हा आक्षेप जुना आहे. संसार मारहाणीने मोडतो. जायला जागा नाही म्हणून टिकलेल्या सहवासाला संसार म्हणणे हा गृहस्थधर्माचाच अपमान आहे. दुसरा आक्षेप परावलंबनाचा. तो खरा ठरतो तो हाताला काम आणि पुढच्या भाड्याच्या खोलीची तजवीज न करता मुदत संपली म्हणून बाईला बाहेर काढले जाते तेव्हा; ती पुन्हा त्याच दारात येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आणि तिच्यासाठी मागणी आल्यास आधारगृहाने तिला आसरा दिलाच पाहिजे, असेही सांगितले. कायदा ज्याला हक्क म्हणतो, त्याला धर्माने भिक्षा म्हणू नये. देवळाला देणगी देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावातल्या निराधार बाईच्या खोलीचे भाडे हेही देवाचेच देणे मानावे.