नेत्रदानातील दाता

केरॅटोकोनस हा विकार बहुधा पौगंडावस्थेत डोके वर काढतो. डोळ्याच्या दर्शनी भागाचे पारपटल, जे मुळातच सुमारे अर्धा मिलिमीटर जाड, ते अधिकच पातळ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते, आणि चष्म्याचा नंबर कितीही वेळा बदलला तरी एका दिव्याच्या ठिकाणी अनेक दिवे दिसू लागतात. आरंभीच निदान झाले तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांच्या योगाने त्याची वाढ रोखता येते, कठीण भिंगांनीही पुष्कळांची नजर सुधारते. परंतु जेथे हे इलाज थकतात तेथे वैद्यकाला मृताच्या नेत्राकडे वळावे लागते. पूर्वी संपूर्ण पारपटल बदलीत. आता पुष्कळदा रोग्याचा निरोगी आंतरस्तर राखून पुढचेच थर बदलतात. आणि चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीत तर दात्याच्या पारपटलातून कापलेल्या कमानीसारख्या पट्ट्या रोग्याच्या पारपटलात सरकवल्या जातात. या रीतींना दात्याचा आंतरस्तर लागत नसल्याने, ज्या वृद्धाचे पारपटल संपूर्ण रोपणास दुर्बळ ठरले असते त्याचेही येथे सार्थक होऊ शकते.

हे दिले कोणी, हा मात्र मोठा बिकट प्रश्न आहे. वस्तूवरील आपले स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, असे दानाचे लक्षण आपल्या धर्मशास्त्राने सांगितले आहे. पाली जातकातील शिबिराजा या कसोटीस उतरतो, कारण त्याने हयातीतच याचकाला डोळे दिले. मृताने संकल्प केलेला असला, तरी स्वत्व सोडण्याच्या वेळी तो स्वतः उरलेला नसतो. आणि जो पुत्र संमती देतो तो त्या देहाचा मालक नसतो. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही त्याला शवाचा कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती एवढेच मानतो. मला हे न्यूनच या दानाचे वैभव वाटते: एकाने वियोग न भोगता दिले, दुसऱ्याने मालकी नसता दिले, आणि दातृत्वाचा अहंकार बाळगायला दोघांपैकी कोणालाही जागा राहिली नाही. तरीही अधिक जड वाटा पुत्राचाच. कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत, घरात आकांत चालला असताना, नेत्रपेढीला निरोप धाडण्याचे धैर्य त्यालाच करावे लागते.

ते धैर्य अनेकदा एका भयापाशी खचते: नेत्रहीन देह अग्नीला दिला तर पुढील जन्म अंधाचा येईल. ज्या दर्शनांनी पुनर्जन्म मानला त्यांनीच या भयाला उत्तर देऊन ठेवले आहे. वेदान्त गोलक आणि इंद्रिय यांत स्पष्ट भेद करतो. गोलक हे स्थूल देहाचे अंग असून देहाबरोबरच नष्ट होते, तर चक्षुरिंद्रिय सूक्ष्म शरीराबरोबर पुढे जाते. नैयायिकांनी चक्षूचे स्थान बुबुळाच्या अग्रभागी सांगितले खरे, पण तेही त्याला मांस न मानता तेज मानतात, आणि तेजाला कोणाची कात्री लागणार?

राहिला घेणाऱ्याच्या ऋणाचा प्रश्न. दात्याचे नाव त्याला सांगितले जात नाही, तेव्हा फेड कोणाची करायची? तर्पणविधीत जे आपले बांधव नव्हेत त्यांनाही उदक देण्याची तरतूद आहे, आणि त्यांत या अनामिकाचे स्मरण करण्यास शास्त्राची आडकाठी असू नये. रोगी तरुण असल्याने त्याचे वडील बहुधा हयात असतील. तसे असेल तर तर्पणाचा अधिकार त्यांचा, आणि मुलाला दृष्टी देणाऱ्या त्या परक्या माणसासाठी बापाने उदक सोडावे, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते.