पुसायला कोणी सांगितलं होतं?

मोबाइल खाली ठेवा आणि सगळ्यांनी इकडे बघा. आज नवा धडा घेणार नाही. विभागाच्या सर्व्हरवर तुम्ही रात्री चालणाऱ्या दोन ओळी लावल्या आहेत. त्या मी अक्षर न् अक्षर वाचल्या, आणि वाचून मला राग आला आहे. तो का आला, हे तुम्हाला आज कळलंच पाहिजे.

दुपारी सर्व्हर रखडतो, अशी तक्रार तिसऱ्या वर्षाची मुलं महिनाभर करत आहेत. मी तुम्हाला साधं काम सांगितलं होतं. हे कधीपासून सुरू झालं आणि त्या वेळी अडचण डिस्कची होती, मेमरीची होती की नेटवर्कची, ते सार या कमांडच्या नोंदींवरून काढून द्या. तुम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलात, कारण जुन्या नोंदी उरल्याच नव्हत्या. जागा भरत आली म्हणून आठवड्यापूर्वीचं सगळं पुसून तुम्ही मोकळे झालात. तक्रार महिन्याची आणि पुरावा आठवड्याचा! आता त्या मुलांना मी काय सांगू?

सार ज्यात येतं ते सिस्टॅट तुम्हाला शिकवलेलं आहे, ते कोणाला नवीन नाही. दर दहा मिनिटांनी ते सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांची नोंद घेतं आणि दिवसाची एक फाइल तयार करतं. रेड हॅटच्या घराण्यात या फायली व्हार-लॉगखाली एसए नावाच्या डिरेक्टरीत जातात. किती दिवस ठेवायच्या, हे कॉन्फिगमधल्या हिस्टरी या एका आकड्यावर ठरतं आणि मुळात तिथे २८ असतं. मुदत संपलेल्या फायली काढून टाकायचं काम सिस्टॅटची स्वतःची स्क्रिप्ट रोज करते. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या पुसणाऱ्या ओळीची तिथे गरजच नव्हती. मॅन्युअलचं एक पान उघडलं असतं तरी हे कळलं असतं. कोणी उघडलं? कोणीच नाही.

आणि जागा खाल्ली कोणी, हे तरी बघितलंत का? आपल्यासारख्या मशीनवर सारची दिवसाची फाइल काही एमबींच्या वर सहसा जात नाही. २८ दिवसांच्या फायली एकत्र केल्या तरी त्या डिस्कला जड होणार नव्हत्या. जागा खात होता तुमच्याच प्रोजेक्टचा डीबग लॉग. चाचणीसाठी चालू केलेला, नंतर बंद करायचा राहिलेला. डीयू चालवून कोणती डिरेक्टरी फुगली आहे ते बघायला मिनिटही लागत नाही. तेवढी तसदी न घेता तुम्ही अख्ख्या व्हार-लॉगवर जुन्या फायली शोधून पुसणारं फाइंड सोडलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत.

बरं, तो डीबग लॉग पुसल्यावरही जागा मोकळी झाली नाही, आणि मग तुम्ही सर्व्हर रीबूट केलात. भर दुपारी, दुसऱ्यांची कामं चालू असताना. का मोकळी झाली नव्हती, याचा विचार केलात? प्रोग्रामने जी फाइल उघडी धरून ठेवली आहे, तिचं नाव पुसलं तरी मजकूर डिस्कवर तसाच राहतो. तो प्रोग्राम ती फाइल सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. डीएफ सांगतं डिस्क भरली आहे, डीयू सांगतं फायली तर थोड्याच आहेत, तेव्हा पुसलेली फाइल कोणीतरी धरून बसलं आहे असं समजायचं आणि एलएसओएफला विचारायचं. चालत्या लॉगसाठी लॉगरोटेट आहे. ते फाइलचं नाव बदलतं, नवी फाइल बनवतं आणि प्रोग्रामला ती नव्याने उघडायला सांगायची सोय देतं. कॉपीट्रंकेटचा पर्यायही आहे, पण नक्कल झाल्यापासून मूळ फाइल रिकामी होईपर्यंतच्या क्षणात आलेल्या ओळी त्यात हरवतात. कुठे काय चालेल हे त्या लॉगचं मोल बघून ठरवावं लागतं. इंटरनेटवरून उचललेल्या ओळीला आपल्या लॉगचं मोल ठाऊक नसतं.

आता तुमचा मुख्य बचाव घेते. "मॅडम, आम्ही आधी टार करून बॅकअप घेतो आणि मगच पुसतो," असं तुम्ही मला छातीठोकपणे सांगितलंत. मी बॅकअपची डिरेक्टरी उघडली. तिथे एकही फाइल नाही. एकही नाही! रोज रात्री दोनला टार आणि अडीचला पुसणं, असं तुम्ही क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, दोन वेगळ्या ओळींत लिहिलंत. टारच्या ओळीत फाइलच्या नावाला तारीख जोडायची म्हणून डेट कमांड लिहिली आणि तिच्यात टक्क्याचं चिन्ह आलं. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह साधं नसतं. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर क्रॉन कमांड तिथेच तोडतं आणि पुढचा मजकूर त्या कमांडला इनपुट म्हणून देतं. तुमची टारची ओळ उघडलेल्या कंसापाशी तुटली. शेलला अर्धवट वाक्य मिळालं आणि काहीच चाललं नाही. पुसायच्या ओळीत मात्र टक्क्याचं चिन्ह नव्हतं. ती रोज रात्री न चुकता चालली. बॅकअप कधीच झाला नाही आणि नाश मात्र रोज वेळेवर झाला.

"पण हाताने चालवली तेव्हा चालली होती," हेही तुम्ही म्हणालात. टर्मिनलवर चालणारच, तिथे हा नियम नाही. टर्मिनलवर तुमचा पाथ वेगळा, चालू डिरेक्टरी वेगळी, शेलची सगळी मांडणी वेगळी. जे काम क्रॉनने करायचं आहे, ते क्रॉनने केलेलं आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय झालं असं म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा त्या डिरेक्टरीत डोकावला असतात तरी पुरे होतं.

यापुढचं जास्त गंभीर आहे. कंस बंद झालेला नाही, ओळ मध्येच संपली आहे, अशी चूक दाखवणारा संदेश क्रॉन रोज रात्री रूटच्या मेलबॉक्समध्ये टाकत होतं. मी मेलबॉक्स उघडला तेव्हा तेच पत्र एकाखाली एक पडलेलं होतं. मशीन रोज सांगत होतं आणि एकानेही ऐकलं नाही. ज्या तिघांकडे रूटचा पासवर्ड आहे, त्यांनी माझ्याकडे नीट बघावं. पासवर्ड मिरवायला दिलेला नाही. रोज सकाळी ते पत्र वाचणं हे त्या पासवर्डबरोबर आलेलं काम आहे.

दुसऱ्या ओळीकडे येते, म्हणजे ती चालवते त्या पुसणाऱ्या स्क्रिप्टकडे. कोणत्या डिरेक्टरीत पुसायचं, ते नाव तुम्ही कॉन्फिग फाइलमधून व्हेरिएबलमध्ये घेता, सीडी करून तिथे जाता आणि मग चालू डिरेक्टरीत फाइंड चालवून पुसता. कॉन्फिग फाइल जागेवर नसेल तर? व्हेरिएबल रिकामं. सीडी भलतीकडे जाईल किंवा फसेल, आणि फसली तरी स्क्रिप्ट थांबत नाही, कारण थांब म्हणून तुम्ही तिला सांगितलेलंच नाही. मग पुढची ओळ रूटच्या होम डिरेक्टरीत उभी राहून पुसत सुटेल. ही भीती काल्पनिक वाटते का तुम्हाला?

मग क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये काय झालं ते ऐका. तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या साठवणीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट एचपीई या कंपनीची होती. त्या स्क्रिप्टमध्ये १० दिवसांहून जुने लॉग फाइंडने पुसायची सोय होती. तुमच्या ओळीसारखीच, लॉग साफ करणारी. कंपनीने स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली आणि वाचायला सोपं जावं म्हणून व्हेरिएबलचं नावही बदललं. हेतू चांगलाच होता. पण जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्यावर टाकली. बॅश सगळी स्क्रिप्ट आधी वाचून मग चालवत नाही, ती जसजशी चालवते तसतशी फाइल वाचत जाते. अर्ध्या वाटेत तिच्या हाती नव्या फाइलचा मजकूर आला आणि त्यातल्या व्हेरिएबलला किंमत कधी दिलेलीच नव्हती. रिकाम्या व्हेरिएबलमुळे पुसण्याची कमांड लॉगच्या डिरेक्टरीऐवजी संशोधकांच्या फायलींवर गेली. १४ ते १६ डिसेंबर या काळात सुमारे ७७ टीबी डेटा गेला, जवळपास ३ कोटी ४० लाख फायली. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता येणार नाही, असं विद्यापीठाला जाहीर करावं लागलं. कंपनीने सगळी जबाबदारी स्वीकारली. जबाबदारी स्वीकारून फायली परत येत नाहीत.

तो अपघात ज्यांच्या हातून झाला, ते तुमच्याहून कमी शिकलेले नव्हते. म्हणून तुमचा निष्काळजीपणा मी पोरखेळ म्हणून सोडून देणार नाही. पुसणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच शेलला बजावायचं, की किंमत नसलेलं व्हेरिएबल दिसलं की थांब आणि कोणतीही कमांड फसली की थांब. डिरेक्टरीचा पत्ता पूर्ण लिहायचा. फाइंडला आधी नुसती यादी छापायला लावायची, ती यादी माणसाने वाचायची, आणि मगच पुसायचा शब्द जोडायचा. तोही अगदी शेवटी, कारण फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं. पुसायचा शब्द नावाच्या अटीआधी आला तर ते अट बघायच्या आधीच पुसून मोकळं होतं. चालू स्क्रिप्टवर नवी स्क्रिप्ट ओतायची नाही. नवी वेगळ्या नावाने लिहून मग एमव्हीने जागेवर आणायची, म्हणजे चालू असलेली आपली जुनीच फाइल वाचत राहते. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावायचं. यातलं काहीही अवघड नाही. अवघड नसूनही तुम्ही केलं नाही, माझी तक्रार तीच आहे.

किती दिवस ठेवायचं, हा प्रश्न तर तुम्ही विचारलाच नाही. सात कुठून आणलेत? "एका व्हिडिओत होतं," हे उत्तर मला चालणार नाही. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. कोणता कायम जपायचा, कोणता कधी नष्ट करायचा हे आधी ठरतं आणि वर्ग लावल्याशिवाय कागद नाशाच्या गठ्ठ्यात जात नाही. तुमच्या लॉगनाही तोच न्याय हवा. डीबगचा कचरा चार दिवसांत गेला तरी चालेल. सारच्या नोंदी निदान एक सत्रभर राहिल्या पाहिजेत, कारण परीक्षेच्या आठवड्यातला भार आणि एरवीचा भार यांची तुलना त्याशिवाय करताच येत नाही. लॉग-इनच्या आणि सुरक्षेच्या नोंदींना तर हातच लावायचा नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायला सांगितलं आहे. अख्ख्या व्हार-लॉगवर फाइंड सोडताना तुम्ही तेही पुसत होता. कळतंय का, काय केलंत ते?

सारच्या फायली जपायच्या म्हणजे नुसता हिस्टरीचा आकडा वाढवला की झालं, असंही नाही. नेहमीच्या पद्धतीत फाइलच्या नावात फक्त तारीख असते, महिना नसतो. तसंच नाव ठेवून तुम्ही संग्रहात नेलंत तर या महिन्याची ५ तारीख मागच्या महिन्याच्या ५ तारखेवर बसते आणि जुनी नोंद गेल्याचं कोणाला कळतही नाही. वर्ष, महिना, तारीख असं पूर्ण नाव द्या. सिस्टॅटमध्ये त्याची सोय आहे. या फायली बायनरी आहेत. आवृत्ती बदलली की जुनी फाइल नव्या सारला वाचता येईलच असं नाही. म्हणून लांबच्या मुदतीसाठी एसएडीएफने साध्या मजकुरात किंवा जेसनमध्ये काढून जिझिप करून ठेवा. आणि आपला सर्व्हर यूटीसीवर आहे हे विसरू नका. त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते आणि दुपारी दोनची अडचण त्याच्या नोंदीत साडेआठसमोर सापडते. गेल्या वेळी तुमच्यातल्या दोघांनी दोनसमोरची ओळ वाचून "काही अडचण नाही" असा अहवाल दिला होता.

तुमची बुद्धी कमी आहे म्हणून मी बोलत नाही. वर्षभरात तुमच्यातलं कोणी रुग्णालयाच्या, कोणी बँकेच्या, कोणी वीज कंपनीच्या सर्व्हरवर बसेल. तिथे रात्री काही बिघडलं, तर काय झालं हे सांगायला माणसं जागी नसतील. ते सांगणारी एकच गोष्ट असेल, तुमच्या आधीच्या माणसाने जपून ठेवलेल्या नोंदी. त्याने तुमच्यासारखंच केलं असेल, तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार? तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी माझ्याकडे मागितली. माझ्याकडे द्यायला काही नाही.

आता कामाचं. ज्यांच्याकडे पासवर्ड आहे, त्यांनी आत्ता माझ्यासमोर क्रॉनटॅब उघडून पुसायची ओळ बंद करा. डीबग लॉगला लॉगरोटेट लावा आणि आधी त्याची काहीही न बदलणारी चाचणी फेरी चालवून मला दाखवा. टार आणि पुसणं एकाच स्क्रिप्टमध्ये येईल. टार झालं, फाइल उघडून तपासली, आतल्या फायलींची संख्या जुळली, तरच पुढची ओळ चालेल. कोणता लॉग किती दिवस आणि का, हे मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येकाने खाली सही करायची. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन त्या मुलांना नोंदी का नाहीत हे सांगायचं आहे. ते मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं, आणि आजच. चला, उठा.