दृष्टी गेली, ठणका राहिला

काचबिंदू अगदी शेवटच्या टोकाला गेला, की डोळ्याला उजेडही कळेनासा होतो. दुखणं मात्र वाढतच जातं. आतला दाब इतका चढतो की पापणीवरून बोट लावलं तरी डोळा दगडासारखा कडक लागतो. अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. घरचे विचारतात, ‘दिसतच नाही, तर दुखतंय कसं?’

विचारतात ते रास्तच आहे. दिसलेलं मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दुखणं नेणारी वेगळी. ही दुसरी चेहऱ्यालाही संवेदना देते. काचबिंदूने पहिली मरते, दुसरी जागीच राहते. डोळा हलवणारे सहा स्नायू तर बाहेरच्या पांढऱ्या आवरणाला चिकटलेले असतात. आत काय बिघडलं याच्याशी त्यांचा संबंध नसतो.

थेंबांनी, डोळ्यामागे दिलेल्या अल्कोहोलच्या इंजेक्शननेही भागलं नाही, की डोळ्याच्या आतलं सगळं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. तिची सगळी आखणी या वेगळेपणावर उभी आहे. सर्जन बहुधा पुढचा पारदर्शक पडदा गोल कापतो आणि चमच्यासारख्या हत्याराने भिंग, बुबुळाचा रंगीत पडदा, आतला जेलीसारखा द्रव, दृष्टिपटल, त्यामागचा काळपट थर असं सगळं खरवडून काढतो. रंगद्रव्याचा कण उरू नये म्हणून आतली भिंत अल्कोहोलने पुसतो. दुखणारे भाग यातच जातात. पांढरी वाटी आणि तिचे सहा स्नायू राहतात. वाटीत साधारण २० मिलिमीटरचा गोळा बसवून ती शिवतात. मँचेस्टरच्या फिलिप म्यूल्स यांनी १८८५ साली काचेचा पोकळ गोळा वापरला होता. आज सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र प्लास्टिकचा असतो.

सहाएक आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवून अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम डोळा वर बसवतात. स्नायू वाटी ओढतात, तिच्याबरोबर तोही थोडा हलतो. समोरच्याकडे नजर वळवता येणं ही छोटी गोष्ट नाही. हे ऑपरेशन ‘दिसण्यापुरतं’ आहे असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

एक अट मात्र कडक आहे. आत गाठीची शंका असेल तर खरवडायचं नाही, पूर्ण डोळाच काढायचा. गढूळ डोळ्यातून आतलं दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफी करतात. आणि काचबिंदू बहुतेकदा दोन्ही डोळ्यांचा आजार असतो, तेव्हा दुसऱ्या डोळ्याचा दाब त्याच भेटीत मोजून घ्यावा.